पीळ

निवडणूक आटोपली की ठाण्यातून बंदुका सुटतात,
तशी ही सुटली, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात,
पोत्यात गुंडाळलेली, सुतळीला मालखान्याची चिठ्ठी.
ओलीनं नळीवर तांबूस पुरळ उठलं होतं.
विठोजी ढमढेरे, राहणार कंपू, पाटबंधाऱ्यातून निवृत्त,
दुकानाच्या पायरीवर बूट काढून मोज्यांवर आत आले,
दर्ग्यात यावं तसे.
"आजोबांची. बर्म्यात होते. लढाईत."

बाबा आधी ऐकतात, मग पुसतात.
बाबालाल शिकलगार, कुठल्याशा पागेबरोबर
साताऱ्याकडून लष्करात आलेल्यांची सहावी पिढी:
घरात मराठी, गिऱ्हाइकाशी हिंदी,
लोखंडाशी काहीच नाही.
परवान्यावर लिहिलेलं, बंदूक, एक नग.
एवढ्यावर कुणाची ओळख पटते?

घासलेटाचा बोळा फिरला. गंजाखालून मुकुट वर आला,
जी. आर. आय., ईशापूर, सन बेचाळीस.
"बघा!" ढमढेरे म्हणाले, मला, बाबांना, रस्त्यावरच्या रिक्षाला.
बोल्टवर नंबर वेगळा, अंगावर वेगळा.
चालायचंच. पलटणीत कुणाचा टोप
कुणाच्याही डोक्यावर बसतो.
पुढच्या लाकडाला तांब्याच्या तारेचे वेढे,
मोडक्या हाताला बांधावेत तसे घट्ट.
मग मॅगझिनच्या जागी बोट गेलं
आणि लागली लाकडाची खुंटी.

बाबांनी नळी उजेडाकडे धरली. "काय दिसतं?"
हे मला ते लहानपणापासून विचारतात.
शेजारच्या मुली पाढे म्हणायच्या तेव्हा मी
नळीतले पीळ मोजायची, पाच, डावीकडे वळलेले.
इथे काहीच नव्हतं. गुळगुळीत.
विहिरीच्या तळाशी चार आण्याएवढं आभाळ.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
हा सुंभ शाबूत होता,
पीळ कुणीतरी खरवडून काढला होता.
लढाई सरली, बंदुका उरल्या;
काहींना आतून असं सपाट केलं,
एका वेळी एकच काडतूस, तेही छर्ऱ्याचं,
आणि उभं केलं तिजोरीपाशी, तुरुंगाच्या फाटकाशी.
बाबा हे बोलले नाहीत.
"चार दिवस लागतील," एवढंच.

दोन दिवस गेले एका स्क्रूपायी.
रात्रभर तेलात भिजला, सकाळी तस्साच अडून.
शेवटी बाबांनी त्याला चहा दिला म्हणायचं,
कपातला उरलेला गरम घोट वरून ओतला,
शिवी दिली, आणि तो फिरला.
दस्त्याची चीर सरसानं भरली.
स्प्रिंग जुन्या भंगारातून निघाली, तिसऱ्या डब्यात.
मी जवसाचं तेल चोळत बसले, तळहाताच्या उबेनं,
अक्रोड पितं आणि मागतं, पितं आणि मागतं.

दस्त्याच्या बुडाला पितळी झाकण असतं,
आत तेलाची कुपी आणि चिंधी ठेवायची खोबण.
उघडलं तर चुन्याची डबी,
चुना खडखडीत दगड,
आणि कातरलेल्या सुपारीचे तीन तुकडे.

"आजोबा तंबाखूला कधी शिवले नाहीत,"
ढमढेरे चौथ्या दिवशी म्हणाले,
आणि डबी नाकाला लावली.
बराच वेळ लावून ठेवली.
बाहेर नई सडकेवर कुणाची तरी वरात अडली होती.
"शेवटी शेवटी मध्यवर्ती कारागृहात होते. फाटकावर.
घरात आम्ही बर्माच म्हणायचो."

मी वहीत लिहिलं: मस्केट, चारशे दहा, नळी साफ.
शेऱ्याच्या रकान्यात पेन अडलं.
बाबा म्हणाले, "लिही, दुरुस्त."

बंदूक त्यांनी खांद्याला लावली, तोंड खाली,
डबी वरच्या खिशात,
पावती टेबलावरच राहिली, बूट पायरीवर.
तसेच मोज्यांवर समोरच्या पानठेल्यापर्यंत गेले.
बुटांसाठी परत आले तेव्हा
एक गाल फुगलेला होता,
आणि बोलता येत नव्हतं,
म्हणून हात जोडले.